वॉर्डमधला सीपीआर: कोड टीम येईपर्यंत नर्सने काय, कोणत्या क्रमाने करायचं

सीपीआरची, म्हणजे हृदय थांबलेल्या रुग्णाला छातीवर दाब आणि श्वास देण्याची, लेखी परीक्षा घेतली तर बहुतेक नर्सेस पास होतात. तीस दाबांना दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ सेंटिमीटर, सगळं पाठ असतं. त्यांनाच सरावाच्या पुतळ्यासमोर उभं केलं की कोपर वाकतात, मास्कच्या कडेने हवा निसटते आणि शॉकनंतर सगळे मॉनिटरकडे बघत उभे राहतात. माहिती असते, पण हाताला सवय नसते. त्यातही सर्वाधिक वेळ वाया जातो तो पहिल्या दोन मिनिटांत, डॉक्टरांची वाट बघण्यात.

हा लेख त्या वेळेसाठी आहे: प्रौढ रुग्ण, वॉर्डातला बेड, हाताशी दोन-तीन नर्सेस, कोड टीम (हृदय थांबलेल्या रुग्णासाठी धावून येणारं रुग्णालयातलं पथक) अजून वाटेत. तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल एखाद्या ठिकाणी वेगळं सांगत असेल तर तो पाळा.

## १. ड्युटी सुरू होताना: ट्रॉली हाताने तपासा

चेकलिस्टवर सही असली म्हणजे इमर्जन्सी ट्रॉली कामाची आहे असं नाही. सील शाबूत असेल तर आतली औषधं मोजायची गरज नाही, पण सीलबाहेरच्या वस्तू दर ड्युटीला हाताळून बघायच्याच.

अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी): रुग्णाकडचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि पिशवी दाबा. पिशवीने विरोध केला तर ठीक. सहज चपटी झाली तर कुठेतरी गळती आहे किंवा व्हॉल्व्ह चुकीचा बसलाय. धुऊन पुन्हा जोडलेल्या बॅगेत हे हमखास सापडतं. रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी) आणि ऑक्सिजनची नळी जोडलेली आहे का, मास्क एकाहून जास्त मापांचे आहेत का, तेही बघा.

सक्शन: चालू करून नळी दुमडा. काटा लगेच चढला पाहिजे. टोकाला यांकर (तोंडातला स्राव ओढायची कडक नळी) लावलेला हवा, शोधावा लागता कामा नये.

डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन): प्लग लावलेला, बॅटरी भरलेली, सेल्फ टेस्ट झालेली. पॅड्स असतील तर एक्स्पायरी बघा. पॅडल्स असतील तर जेल आहे का आणि ते वाळलंय का, ते बघा.

लॅरिंजोस्कोप (श्वासनळीत नळी टाकताना घसा दाखवणारं दिव्याचं उपकरण): ब्लेड उघडून दिवा लागतोय ना, एवढंच. पाच सेकंदांचं काम आहे, आणि तरी नेमकं हेच राहून जातं.

यात एक गोष्ट कुठल्याच चेकलिस्टवर नसते, ती म्हणजे तुमच्या वॉर्डातला बेड. डोक्याकडचा फळा कसा निघतो, बेड एका झटक्यात सपाट कसा होतो, एअर मॅट्रेसची हवा सोडायची पट्टी कुठे आहे, पाठीखाली घालायचा कडक बोर्ड आणि पायाखाली घ्यायचं स्टूल कुठे ठेवलंय, हे प्रत्येकीला न विचारता माहीत हवं.

हँडओव्हर घेताना कामंही वाटून घ्या: छातीवर दाब कोण सुरू करणार, बॅग कोण धरणार, ट्रॉली कोण आणणार. रात्री दोघीच असाल तर आधीच ठरवा: एक दाब देत राहील, दुसरी फोन करून ट्रॉली आणेल आणि मग बॅग घेईल. पुनरुज्जीवन न करण्याचा लेखी निर्णय एखाद्या रुग्णाच्या फाइलमध्ये असेल तर तोही याच वेळी स्पष्ट व्हायला हवा. लेखी काही नसेल तर सीपीआर सुरू करायचा.

> लक्ष ठेवा: वॉर्डातला रुग्ण बरेचदा अचानक कोसळत नाही. आधी काही तास श्वासाचा वेग वाढतो, रक्तदाब उतरतो, रुग्ण गुंगीत जातो किंवा बेचैन होतो. चार्टवर श्वासाचा आकडा प्रत्येक वेळी २० लिहिलेला दिसला, तर तो कुणी मोजलेला नसतो. मोजा.

## २. ओळखणं: दहा सेकंदांची मुदत

१. दोन्ही खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा.
२. प्रतिसाद नसेल तर तिथूनच मदतीसाठी ओरडा, बेल दाबा. रुग्णाला सोडून जाऊ नका.
३. मान किंचित मागे करा. छातीकडे बघतानाच मानेतली कॅरोटिड नाडी चाचपा. दोन्ही एकाच वेळी, किमान ५ आणि जास्तीत जास्त १० सेकंद.
४. नाडी नक्की लागली असं वाटत नसेल तर ती नाही असं धरा आणि दाब सुरू करा.

इथे सर्वांत मोठी फसगत होते ती गॅस्पिंगची. हृदय थांबल्यावर काही मिनिटं रुग्ण मध्येच आ वासून, घोरल्यासारखा एखादा श्वास ओढतो. तो श्वास नव्हे. ‘श्वास चालू आहे’ म्हणून ऑक्सिजन मास्क लावून वाट बघणं हा यातला सगळ्यात घातक उशीर. सुरुवातीला हातपाय झटके दिल्यासारखे हलू शकतात, त्याला फिट समजून भलतीच इंजेक्शनं भरली जातात.

दुसरी फसगत यंत्रांची. पल्स ऑक्सिमीटरची लाट गेली की ‘प्रोब निघाला असेल’ म्हणून बोट बदललं जातं, मग दुसरा हात, मग दुसरं मशीन. उलट मॉनिटरवर व्यवस्थित ईसीजी दिसतो म्हणून कुणी नाडी बघतच नाही. विद्युत हालचाल असूनही हृदयातून रक्त पुढे जात नसेल तर मॉनिटर छान दिसतो आणि रुग्णाला नाडी नसते. आधी रुग्णाला हात लावा, यंत्र नंतर. बीपीचा कफ या टप्प्यावर गुंडाळायचासुद्धा नाही.

नाडी आहे पण श्वास नाही, असं असेल तर दाब नको. बॅगने दर ६ सेकंदांनी एक श्वास द्या आणि दर २ मिनिटांनी नाडी पुन्हा बघा.

## ३. हाक: एका वाक्यात

‘सर, बारा नंबरचा पेशंट बरोबर वाटत नाहीये, जरा येता का?’ या फोनवर कुणी धावत येत नाही. म्हणायचं असं: ‘कोड ब्लू, तिसरा मजला, मेडिकल वॉर्ड, बेड बारा.’ समोरच्याने ते परत म्हटलं की फोन ठेवा.

खोलीत हवेत हुकूम सोडू नका. ‘कुणीतरी ट्रॉली आणा’ म्हटलं तर दोघी जातात किंवा कुणीच जात नाही. नाव घेऊन सांगा. नातेवाइकांना बाजूला नेऊन त्यांच्याजवळ थांबायला एकाला सांगा. घड्याळ बघून वेळ मोठ्याने म्हणा.

> सावधान: छातीवर दाब द्यायला डॉक्टरांच्या ऑर्डरची गरज नाही. ज्युनिअर आहे म्हणून थांबू नका. ज्याने ओळखलं त्याने सुरू करायचं.

## ४. छातीवर दाब: इथे घाई करू नका, पण थांबूही नका

तयारी झपाट्याने: बेड सपाट, उशी बाहेर, एअर मॅट्रेसची हवा सोडलेली, छाती उघडी. बोर्ड ट्रॉलीसोबत येईल. तो येईपर्यंत दाब थांबवायचा नाही; आला की रुग्णाला कुशीवर वळवून क्षणात सरकवा. मऊ गादीवर तुम्ही ५ सेंटिमीटर दाबता, त्यातले बरेचसे गादीच खाते.

मग उंची. बेड खाली घ्या किंवा स्टूलवर चढा. तुमचे खांदे रुग्णाच्या छातीच्या थेट वर आले पाहिजेत. बुटक्या नर्सला स्टूल न देता दाब द्यायला लावलं की तिचे कोपर वाकणारच, त्यात तिची चूक नाही.

हात असे: एका तळहाताची टाच छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर. दुसरा हात त्यावर, बोटं गुंफून वर उचललेली, फासळ्यांना न टेकणारी. अगदी खालच्या टोकावर दाबू नका. कोपर ताठ ठेवा. जोर मनगटातून नाही, कमरेपासून वरच्या अंगाच्या वजनातून येतो.

प्रत्येक दाबात चार गोष्टी एकत्र साधायच्या:

- खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या पुढे नाही.
- वेग मिनिटाला १०० ते १२०.
- प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हात छातीवरच, पण वजन नाही.
- खंड कमीत कमी. कोणत्याही कारणासाठी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही.

यातला तिसरा मुद्दा सर्वाधिक चुकतो आणि बाहेरून लवकर दिसतही नाही. दमलेली नर्स छातीवर रेलून राहते. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढच्या दाबाने बाहेर टाकायला काही उरत नाही. बाजूला उभ्या असलेल्या व्यक्तीने हातांकडे न बघता दाब देणारीच्या खांद्यांकडे बघावं. दोन दाबांच्या मध्ये खांदे वर येत नसतील तर ती रेलली आहे.

वेगाची पारख सोपी आहे. ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागले पाहिजेत. बारा सेकंदांत उरकले तर वेग जास्त आहे, आणि वेग वाढला की खोली हटकून घटते. मोजताना एक अडचण येते: ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ एका दाबाच्या वेळेत तोंडातून निघत नाही, मग शेवटचे दाब रेंगाळतात. एक ते दहा तीनदा मोजा.

दाब देणारी दर २ मिनिटांनी बदला, ती ‘मी ठीक आहे’ म्हणाली तरी. थकवा तिला जाणवण्याआधीच खोली कमी झालेली असते. पुढची नर्स आधीच बेडच्या दुसऱ्या बाजूला हात तयार ठेवून उभी असावी, म्हणजे अदलाबदल पाच सेकंदांत होते.

फासळी मोडल्याचा आवाज आला तर हातांची जागा तपासा आणि चालू ठेवा. बऱ्याच जणी इथे घाबरून दाब हलका करतात.

> तपासा: बोर्ड पाठीखाली आहे? हात मधोमध? खांदे वर येतायत? वेळ कोण मोजतंय?

## ५. श्वास: कमी हवा, कमी वेळा

आधी तोंडात बघा. उलटी, स्राव असेल तर सक्शन. मान मागे, हनुवटी वर. मानेच्या दुखापतीची शंका असेल तर मान न हलवता फक्त जबडा पुढे उचला. तोंडातला एअरवे (जीभ मागे पडू न देणारी प्लॅस्टिकची नळी) घालताना माप ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत घ्या. लहान पडला तर जीभ मागे ढकलतो, मोठा पडला तर स्वरयंत्रावर टेकतो.

मास्क एकटीने धरून त्याच वेळी बॅग दाबणं अवघड आहे, अनुभवी हातांनाही. दोघी असाल तर डोक्याकडे उभी असलेली दोन्ही हातांनी मास्क धरेल: अंगठे आणि तर्जनी मास्कवर, बाकीची बोटं जबड्याच्या हाडाखाली. चेहऱ्यावर मास्क दाबायचा नसतो, जबडा मास्कमध्ये वर ओढायचा असतो. बॅग दुसरी दाबेल. दाब देणारीने ३० संपल्यावर स्वतःच बॅग दाबली तरी चालतं.

३० दाबांनंतर २ श्वास. प्रत्येक श्वास १ सेकंदाचा, छाती उचलताना दिसेल एवढाच. प्रौढाची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि लागते जेमतेम अर्धा लिटर हवा. पूर्ण पिशवी पिळली की हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. छाती उचलली नाही तर मान नीट करून दुसरा श्वास द्या. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात अडकू नका, दाब सुरू करा.

श्वासनळीत नळी टाकल्यावर क्रम बदलतो: दाब न थांबता चालू, आणि दर ६ सेकंदांनी एक श्वास. म्हणजे मिनिटाला १०. घाबरलेल्या हातांकडून मिनिटाला पंचवीस-तीस सहज होतात. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, म्हणजे जास्त हवा देऊन तुम्ही दाब देणारीची मेहनत घालवता. बॅग धरणारीने मनात मोजू नये, मोठ्याने मोजावं.

ट्रॅकिऑस्टोमी (गळ्याला छिद्र पाडून बसवलेली श्वासाची ट्यूब) असेल तर मास्क चेहऱ्यावर लावून उपयोग नाही. बॅग थेट ट्यूबला जोडा, आणि आधी ट्यूब चोंदली आहे का ते बघा. हृदय थांबण्याचं कारण कधी कधी तिथेच सापडतं.

## ६. शॉक: मशीन आलं की लगेच

वॉर्डातली मशीन्स दोन प्रकारची. आपोआप निदान करणारं एईडी बोलतं तसं करा. हाताने चालवायच्या मशीनवर शॉक नर्सने द्यायचा की नाही हे रुग्णालयाचा नियम ठरवतो, पण पॅड लावणं आणि मशीन तयार ठेवणं तुमचंच काम आहे.

१. मशीन चालू करा. दाब सुरूच.
२. घाम पुसा, औषधाचा पॅच असेल तर काढून जागा पुसा. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या बगलेखाली छातीच्या कडेला. पेसमेकरचा उंचवटा असेल तर त्यावर नको.
३. ठोके बघण्यासाठी क्षणभर थांबा. व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) किंवा नाडी नसलेला व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे अतिवेगवान ठोके) असेल तर शॉक. सरळ रेषा, किंवा ठोके दिसतात पण नाडी नाही, तर शॉक नाही.
४. चार्ज होईपर्यंत दाब पुन्हा सुरू. बायफेझिक (शॉकचा प्रवाह दोन्ही दिशांनी पाठवणाऱ्या) मशीनवर कंपनीने सांगितलेली ऊर्जा, बहुधा १२० ते २०० ज्यूल. माहीत नसेल तर मशीनची कमाल. जुन्या मोनोफेझिकवर (एकाच दिशेने पाठवणाऱ्या) ३६० ज्यूल.
५. ऑक्सिजन छातीपासून किमान एक मीटर दूर. ‘सगळे बाजूला’ म्हणा आणि डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवा. बेडच्या दांडीला टेकून उभं कुणीतरी असतंच.
६. शॉक. आणि लगेच दाब. नाडी नाही बघायची, मॉनिटर नाही बघायचा. २ मिनिटं दाब, मग तपासणी.

सहावी पायरी वाचायला सोपी आहे, प्रत्यक्षात सगळ्यांचे हात तिथेच थबकतात. शॉकनंतर ठोके परतले तरी हृदयाला नीट रक्त ढकलायला थोडा वेळ लागतो. तोवर तुमचे हात लागतात.

> सावधान: मशीन ‘सिंक’वर (ठोक्याशी जुळवून शॉक देण्याच्या सेटिंगवर) राहिलं असेल तर व्हीएफमध्ये बटण दाबूनही शॉक जात नाही. आणि सरळ रेषा दिसली की आधी लीड (ईसीजीची वायर) सुटली आहे का, मशीन पॅडल्सवर आहे की लीडवर, लाट मोठी करून दिसते का, एवढं झटकन बघा. दाब चालू ठेवूनच.

## ७. औषधं आणि नोंद

औषधांची धांदल दाबाच्या आड येऊ देऊ नका. लाइन नसेल तर एकीने कोपरात मोठी कॅन्युला टाकावी. ती मिळत नसेल तर हाडातून देण्याची सोय मागवा.

ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. शॉक लागू नसलेल्या रुग्णाला शक्य तितक्या लवकर, शॉक लागू असेल तर आधी शॉक. प्रत्येक डोसनंतर २० मिलिलिटर सलाइनचा फ्लश आणि हात काही सेकंद वर. फ्लश विसरला की औषध हातातच पडून राहतं. शॉक देऊनही व्हीएफ हटत नसेल तर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम लागेल, पुढचा डोस १५०. ते काढून ठेवा.

ॲट्रोपिन भरून ठेवायची सवय अजून अनेक वॉर्डांत आहे. २०१० पासून ते हृदय थांबलेल्या रुग्णाच्या नेहमीच्या क्रमातून वगळलंय. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियमही सरसकट द्यायचे नाहीत. कुणी सांगितले तर दोन्ही एकाच नळीतून पाठोपाठ देऊ नका, साका तयार होतो. मध्ये फ्लश करा.

तोंडी ऑर्डर आली की ती परत म्हणा: ‘ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम देतेय.’ दिल्यावर पुन्हा: ‘दिलं, दहा वाजून बारा.’ रिकाम्या ॲम्प्यूल एका ट्रेमध्ये ठेवा, शेवटी हिशेब त्यावरूनच जुळतो. नोंद एकीनेच, एकाच घड्याळावरून: कधी सापडला, पहिला दाब कधी, मॉनिटरवर पहिली लय कोणती, प्रत्येक शॉक, प्रत्येक डोस. संपल्यावर आठवून लिहिलेल्या वेळा हमखास चुकतात.

कोड टीम आली की चार वाक्यांत सांगा: रुग्ण कोण आणि कशासाठी दाखल, कधी व कसा सापडला, आतापर्यंत काय दिलं, आणि तुम्हाला कसली शंका आहे. पोटॅशियम वाढलेलं होतं, सकाळी सेंट्रल लाइन टाकली होती, आताच नवं इंजेक्शन दिलं होतं, मॉर्फिन चालू होतं. कारण सांगणारा हा धागा बरेचदा फक्त नर्सकडेच असतो.

## ८. नाडी परत आली तर

ट्रॉली हलवू नका, पॅड काढू नका. पुढच्या काही मिनिटांत पुन्हा हृदय थांबण्याची शक्यता असते. श्वास मिनिटाला १० पासूनच ठेवा, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९४ ते ९८ टक्क्यांत ठेवण्यासाठी प्रवाह कमी-जास्त करा. वरचा रक्तदाब ९० च्या खाली नको. बारा लीडचा ईसीजी, रक्तातली साखर, तापमान. ताप येऊ द्यायचा नाही.

## ९. जिथे क्रम बदलतो

गर्भवती रुग्णाचं गर्भाशय नाभीपर्यंत किंवा वर असेल तर एकीने दोन्ही हातांनी गर्भाशय आईच्या डाव्या बाजूला सरकवून धरायचं, तिला कुशीवर वळवायचं नाही. हातांची जागा तीच. प्रसूती विभागाला पहिल्याच फोनमध्ये कळवा.

लहान मुलांमध्ये कारण बहुधा श्वासाचं असतं, म्हणून श्वास टाळू नका. दोघी असाल तर १५ दाबांना २ श्वास, एकटी असाल तर ३० ला २. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश: तान्ह्यात साधारण ४, मोठ्या मुलात ५ सेंटिमीटर. तान्ह्याची नाडी दंडात बघा.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असेल तर यंत्र सोडवून बॅग जोडा. बॅग कडक लागली तर नळी चोंदलेली, वाकलेली किंवा एका बाजूला सरकलेली आहे का ते बघा.

## १०. हात तयार ठेवायचे तर

प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, कौशल्य मात्र काही महिन्यांतच उतरायला लागतं. वर्षातून एकदा दिवसभराचं शिबिर घेण्यापेक्षा महिन्याला दहा मिनिटं, आपल्याच वॉर्डात, आपल्याच बेडवर केलेला सराव जास्त टिकतो. पुतळा खोली आणि वेग दाखवणारा असेल तर उत्तम. नसेल तर एकीने घड्याळ धरावं, दुसरीने खांदे बघावेत.

प्रत्येक सरावात तीनच वेळा लिहा: हाक मारल्यापासून पहिल्या दाबापर्यंत किती सेकंद, पहिल्या शॉकपर्यंत किती, आणि दाबातला सर्वांत मोठा खंड किती. तिसरा आकडा बघून सगळ्यांना आश्चर्य वाटतं. तो बहुतेकदा नळी टाकताना किंवा पॅड लावताना सापडतो. रात्रपाळीच्या नर्सेसना सरावातून वगळू नका, त्यांच्याकडे हात सगळ्यात कमी असतात. जो तुकडा चुकला, मग ती अदलाबदल असो की मास्क धरणं, तेवढाच त्याच दिवशी पुन्हा करून घ्या.